टाळ कसा वाजतो ते आधी ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिचोलीला घर, नवे बुकशेल्फ स्पीकर आणि अॅम्प्लिफायर घेतला, पाऊण लाख गेले, आणि आता घरातली निम्मी आवडती गाणी पूर्वीपेक्षा वाईट ऐकू येतात. वडिलांना नाट्यपदे हवीत, तुम्हाला जॅझ, बायकोला जुनी कोकणी गाणी. चांगले ध्वनिमुद्रण झालेले संगीत शोधायचे कुठे, पैसे मोजण्याआधी ते पारखायचे कसे, आणि हाय-रेझ (सीडीपेक्षा जाड फाइलींचे) नावाचे प्रकरण खरेच लागते का?

स्पीकर ठीक आहेत, ते परत करायला धावू नका. चष्म्याचा नंबर बरोबर लागला की घरातल्या भिंतीवरचे ओलीचे डाग पहिल्यांदा दिसायला लागतात, तसे झाले आहे. डाग आधीपासून होते.

माझा धंदा ध्वनिमुद्रणाचा. पंचवीस-तीस वर्षे फोंडा महालातले देवळांचे सभामंडप, जात्रेतली नाटके, कपेलांमधली (छोट्या चर्चमधली) गायनवृंदे, भजनी मंडळे असे जे येईल ते रेकॉर्ड करत आलो. त्यामुळे माझे उत्तर दुकानदाराच्या उत्तरापेक्षा थोडे वेगळे असेल. दुकानदार तुम्हाला फॉरमॅट सांगेल. मी म्हणेन, फॉरमॅट ही साखळीतली शेवटची कडी. त्याआधी खोली येते, मग माइक कुठे ठेवला ते, मग मिश्रण, मग मास्टरिंग, म्हणजे बाजारात जाण्याआधी मुद्रणावर फिरवलेला शेवटचा हात. या चारांपैकी एक बिघडले की पुढे फाइल कितीही जाडजूड करा, उपयोग शून्य. साध्या सीडीचेच बघा. १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने. म्हणजे २२ हजार हर्ट्झपर्यंतचा स्वर आणि सुमारे ९६ डेसिबलचा लहान-मोठेपणा तिच्यात मावतो. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या कानाला १२-१३ हजारांच्या पुढचे ऐकू येत नाही, आणि छताचा पंखा चालू असेल तर त्या ९६ मधले खालचे कितीतरी डेसिबल पंख्याच्या घरघरीतच बुडतात. सीडी १९८२ साली बाजारात आली. तेव्हापासून तक्रार डब्याची झाली, पण दोष बहुतेक वेळा डब्यात भरलेल्या मालाचा होता.

तुमची नवी हिंदी गाणी वाईट वाटतात त्याचे कारणही मास्टरिंगच. गाणे दुसऱ्या गाण्यापेक्षा मोठे ऐकू यावे म्हणून लिमिटर लावून वरची टोके छाटायची आणि उरलेले सगळे वर उचलायचे, ही रीत नव्वदच्या दशकापासून बोकाळली. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ते दणदणीत वाटते. चांगल्या स्पीकरवर मात्र सलग चार गाणी ऐकली की डोके भणभणते, कारण आवाजाला चढ-उतारच उरलेला नसतो. ठेक्यातली पहिली मात्रा आणि मागची कुजबुज एकाच उंचीवर. जेवणातल्या प्रत्येक पदार्थात सारखेच मीठ घातल्यासारखे. अशा गाण्यांना स्पीकर काही करू शकत नाही. ती गाडीत ऐकावीत.

म्हणून खरेदीचा माझा पहिला नियम: गाणे घेऊ नका, आवृत्ती घ्या. एकच ध्वनिमुद्रण पन्नास वर्षांत दहा वेळा बाजारात आलेले असते, आणि त्या दहांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुम्ही जॅझवाले, तर माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ तुमच्याकडे असणारच. १९५९ साली तो न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत मुद्रित झाला. त्या दिवशी एका टेप यंत्राचा वेग किंचित कमी होता, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर जरा चढ्या सुरात उतरली. ही चूक दुरुस्त झाली ती थेट १९९२च्या आवृत्तीत. तेहेतीस वर्षे जगभरच्या लोकांनी त्या तबकडीबरोबर वाजवून सराव केला आणि आपलेच वाद्य उतरले आहे असे समजून पीळ दिले. तर जुनी सीडी स्वस्तात मिळतेय म्हणून उचलण्याआधी तिचे साल बघा.

साल आणि आवृत्ती बघायला डिस्कॉग्ज ही इंटरनेटवरची सूची वापरा. तबकडीच्या किंवा सीडीच्या आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो. तो तिथे टाकला की नेमकी कोणती आवृत्ती हातात आहे ते कळते. तिथेच ध्वनिमुद्रक कोण, मास्टरिंग कोणाचे, हेही लिहिलेले असते. गायकाच्या नावामागे सगळेच जातात. तुम्ही ध्वनिमुद्रकाच्या नावामागे जा. एका माणसाचे एक काम आवडले की त्याची बाकीची कामे शोधायची. यात मला दहातल्या सात वेळा यश आले आहे. गायकाच्या नावावर विसंबलो तेव्हा निम्म्या वेळाही नाही. डायनॅमिक रेंज डेटाबेस नावाचीही एक सूची आहे, तीत प्रत्येक आवृत्तीला चढ-उताराचा आकडा दिलेला असतो. १२-१४ असेल तर आशा ठेवावी, ५-६ असेल तर पाकिटाला हात लावू नये. फक्त एलपीचे आकडे तिथे फुगून येतात, मोजण्याच्या पद्धतीमुळे. सीडीचा ८ आणि त्याच अल्बमच्या एलपीचा १२ दिसला म्हणून एलपीचे मास्टर वेगळे असेलच असे नाही.

आता वडिलांची नाट्यपदे. हा भाग नीट वाचा, कारण इथेच सर्वांत जास्त फसगत होते.

जुन्या तबकड्या सेकंदाला नव्हे, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. १९२५च्या आधी तर माइकच नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचे. मा. दीनानाथ, केसरबाई, मोगूबाई, आपल्या मातीतल्या या मंडळींचे बरेचसे सोने अशा छोट्या तबकड्यांत आहे. केरीच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. आज ती ग्रहांच्या कक्षांच्या कितीतरी पलीकडे आहे, पण स्पीकर तपासायला कोणी ती लावणार नाही. उत्तम संगीत आणि उत्तम ध्वनिमुद्रण ही दोन वेगळी माणसे आहेत, अधूनमधून एका घरात राहतात इतकेच.

अशा जुन्या गाण्यांच्या सीडीवर ‘डिजिटली रिमास्टर्ड’ असे सोनेरी अक्षरांत लिहिलेले दिसले की मी आधी सावध होतो. खरखर काढण्याचे सॉफ्टवेअर खरखर आणि श्वास यांत फरक करत नाही. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, ही त्याच्या लेखी खरखरच. परिणाम काय, तर गायक पाण्याखाली गातोय असे वाटते; तान संपते तिथे सूर विझत जाण्याऐवजी कोणीतरी बटण बंद केल्यासारखा तुटतो. पारखायची सोपी खूण: गायक थांबतो ती जागा ऐका. तिथे मागे सलग हलकी सळसळ आहे? चांगले, तबकडी जिवंत आहे. तिथे एकदम स्मशानशांतता, आणि गायकाने तोंड उघडले की सळसळ परत? ती सीडी ठेवून द्या. खरखर पाच मिनिटांत कानाला सवयीची होते, पावसासारखी. कापून टाकलेला श्वास मात्र परत येत नाही.

दुसरी खूण वेगाची. ७८ ही नावाची संख्या. त्या काळातल्या बऱ्याच तबकड्या थोड्या वेगळ्या वेगाने कापलेल्या असत. ८०च्या वेगाची तबकडी ७८ने वाजवली तर सूर सुमारे ४४ सेंटने उतरतो, म्हणजे जवळजवळ पाव सूर. गायकी जडावते, आवाज वयस्कर होतो. उलट झाले तर पोरकट. वडिलांना ऐकवा. ज्यांनी त्या गायकांना रंगमंचावर किंवा रेडिओवर ऐकले आहे ते दोन ओळींत सांगतील, ‘हा त्यांचा आवाज न्हय.’ अशा माणसाचा कान कुठल्याही यंत्रापेक्षा विश्वासाचा.

नंतरच्या पिढीची, म्हणजे मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींच्या काळातली नाट्यपदे टेपवर मुद्रित झाली, आणि तिथे परिस्थिती कितीतरी बरी. पण या पदांच्या संकलनांचा बाजारात महापूर आहे. तीच वीस पदे, वीस वेगवेगळी मुखपृष्ठे. काहींत मूळ मोनो मुद्रणाला कृत्रिम स्टिरिओ केलेले आहे: खर्ज एका कानात, टीप दुसऱ्यात, आणि गायकाचे डोके दोन्हींच्या मध्ये कापसासारखे पिंजलेले. अॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर ते दाबून पाहा. दाबल्यावर गाणे सावरले, गायक मधोमध येऊन बसला, तर समजा की ती कृत्रिम कारागिरी होती. ऑर्गन नीट ऐका. पायपेटीच्या सुराला एक रुंदी असते, दोन पट्ट्यांचे सूर एकमेकांवर घासल्याचा मऊ कंप असतो. खराब आवृत्तीत तो बिगुलासारखा सपाट होतो. वडिलांसाठी निवडताना मी शब्दांपेक्षा ऑर्गनवरच निकाल देईन.

बरे, घेण्याआधी ऐकायचे कसे? मुंबईला काळा घोड्याजवळ ऱ्हिदम हाउस होते, तिथे बूथमध्ये उभे राहून ऐकता येई. आम्ही पणजीहून रात्रीची बस पकडून जायचो आणि दुपारपर्यंत त्यांचे बूथ अडवून बसायचो. ते २०१६ साली बंद झाले. आता बूथ म्हणजे स्ट्रीमिंग सेवेचे एका महिन्याचे वर्गणीशुल्क. मी त्याकडे तसेच पाहतो. पण तीन गोष्टी आधी करा.

पहिली, सेटिंगमध्ये जाऊन दर्जा सर्वांत वर न्या. मुळात तो बहुधा मध्यम किंवा ‘आपोआप’ असा असतो, आणि डिचोलीच्या नेटवर ‘आपोआप’ म्हणजे काय ते तुम्हीच जाणता. शक्य असेल तर गाणे आधी डाउनलोड करून मग ऐका. अॅपल म्युझिकने २०२१पासून वेगळे पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे काही न गाळलेला आवाज, द्यायला सुरुवात केली, त्यामुळे पारखायला ते सोयीचे. पण फोनमधून ब्लूटूथने स्पीकरला पाठवलेत तर वाटेत आवाज पुन्हा दाबला जातो आणि सगळी मेहनत फुकट. तार लावा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: आवाजाची पातळी सारखी करा. दोन आवृत्त्यांपैकी एक अर्धा-एक डेसिबलने जरी मोठी असली, तरी माणसाला ती मोठी आहे असे वाटत नाही. ती जास्त चांगली आहे असे वाटते. आमच्या धंद्यातले निम्मे गैरसमज या एका गोष्टीतून जन्मले. बहुतेक अॅपमध्ये आवाज समान करण्याची सोय असते. स्पॉटिफायवर ती मुळातच चालू असते आणि प्रत्येक गाणे साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचे माप) आसपास आणते. तुलना करताना ती चालू ठेवा. मग गंमत पाहा: दाबून-ठेचून मोठे केलेले गाणे एकदम बापुडवाणे वाटायला लागते.

तिसरी: तीस सेकंदांच्या नमुन्यावर कधीही घेऊ नका. तो तुकडा बहुधा मधल्या भरगच्च जागेतला असतो. ध्वनिमुद्रणाचा कस लागतो तो सुरुवातीला, आलापात, आणि शेवटच्या सुराच्या विझण्यात. पूर्ण रचना ऐकायला मिळत नसेल तर ती घेऊच नका. बँडकॅम्पवर कलाकार बहुधा पूर्ण गाणी ऐकू देतात आणि विकत घेतल्यावर फ्लॅक, म्हणजे लॉसलेस, फाइल मिळते. तिथे ऐकण्यासाठीचा नमुना १२८च्या (सेकंदाला १२८ किलोबिटच्या) एमपी३मध्ये असतो, म्हणजे घेतलेला माल नमुन्यापेक्षा चांगलाच निघतो. बाजारात असे क्वचित होते. यूट्यूब फक्त तोंडओळखीपुरते. कोणी, कशावरून, किती वेळा दाबून चढवले आहे याचा पत्ता नसतो.

ऐकायची वेळही सांगतो. रात्री साडेदहानंतर. पंखा बंद, फ्रिज दुसऱ्या खोलीत. तुमचे घर नळ्यांचे, म्हणजे कौलारू, असेल तर जून ते सप्टेंबर निवाडे करूच नका. मी एकदा आषाढात एका सतारीच्या सीडीला ‘मंद, निर्जीव’ म्हणून नावे ठेवली होती. दिवाळीनंतर तीच लावली, तर झाल्याचा प्रत्येक आघात स्वच्छ. दोष कौलांवरच्या पावसाचा होता.

मी स्वतः काय ऐकतो? टाळ. भजनातला, किंवा कीर्तनातली झांज. धातूचा तीक्ष्ण आघात आणि मागे लांबणारी किणकिण ही एमपी३सारख्या दाबणाऱ्या पद्धतींची अवघड जागा. दाबलेल्या फाइलमध्ये आघाताच्या क्षणभर आधीच एक फुसका पूर्वध्वनी उमटतो आणि टाळ ‘किण्ण’ऐवजी ‘छिस्स’ वाजतो. तसेच टाळ्यांचे. मैफलीच्या मुद्रणात शेवटच्या टाळ्या मुद्दाम ऐका. चांगल्या मुद्रणात त्या माणसांच्या असतात, जवळच्या, लांबच्या, एखादा ओळखीने उशिरापर्यंत वाजवणारा. वाईट मुद्रणात कढईत पुऱ्या सोडल्यासारखे नुसते चरचरते. तबल्यात बायाची मींड बघा. ‘गे’ वर हाताचे मनगट सरकते तेव्हा स्वर वर चढत जातो, तो चढ ऐकू यायला हवा. नुसताच ‘ढप्प’ ऐकू आला तर तो कॉम्प्रेसरने, म्हणजे चढ-उतार दाबणाऱ्या यंत्राने, खाल्ला. शास्त्रीय गायनात बहुधा गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी बसते, म्हणजे श्रोत्याला तबला डावीकडे. मुद्रणात ही बैठक डोळ्यांपुढे उभी राहते का? की तबला एका भिंतीत, पेटी दुसऱ्या भिंतीत आणि गायक अधांतरी?

आणि जॅझमध्ये पियानो. रूडी व्हॅन गेल्डरचे नाव तुम्ही वाचले असेल. न्यू जर्सीत आईवडिलांच्या दिवाणखान्यात मुद्रण करत करत तो माणूस ब्लू नोट या जॅझ लेबलचा कणा झाला; १९५९ साली त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्याचे सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट अंगावर येतात, पण पियानो मला नेहमी पेटाऱ्यात बंद केल्यासारखा वाटत आला. मोठ्या नावाच्या कामातही अशी एक बाजू लंगडी असू शकते, आणि ते कबूल करायला लाजू नये.

हाय-रेझचे आता. २४ बिट, ९६ किंवा १९२ हजार नमुने. स्टुडिओत मुद्रण करताना २४ बिट मला लागतातच, चुकून पातळी कमी राहिली तरी सावरता येते. घरी ऐकताना? मी स्वतःवर आंधळी चाचणी केली आहे. फूबार नावाच्या मोफत प्लेअरला एबीएक्स नावाची जोड मिळते. ती दोन फाइली उलटसुलट वाजवते आणि कोणती कुठली ते तुम्ही ओळखायचे. १६ पैकी १२ ओळखल्या तर नशिबाचा भाग मानायला जागा कमी, त्याखाली असेल तर गप्प बसावे. १२८चा एमपी३ मी टाळावर दर वेळी पकडला. ३२० विरुद्ध सीडी, टाळावर कसाबसा, बाकी कशावरही नाही. सीडी विरुद्ध हाय-रेझ मला १६ पैकी ९ आले. नाणे उडवले असते तरी तितकेच आले असते. तेव्हा जास्तीचे पैसे आकड्यासाठी देऊ नका; हाय-रेझ आवृत्तीचे मास्टर वेगळे आणि चांगले असेल तरच द्या. तसे कधीकधी असते.

आणि आकडा खराच आहे याचीही खात्री नसते. एका विक्रेत्याकडून मी जुन्या मराठी गीतांचा २४ बिट १९२ वाला संच घेतला, सीडीच्या तिप्पट किमतीला. स्पेक नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर फाइलचा वर्णपट काढून दाखवते. त्यात पाहिले तर १६ हजार हर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ आणि वर काळाकुट्ट अंधार. कधीकाळचा १२८चा एमपी३ फुगवून मला विकला होता. २२ हजारांवर कापलेला असता तर सीडी फुगवली असे म्हटले असते. जुन्या टेपवरही वरचा भाग विरळ असतो, पण तिथे तो हळूहळू विरतो आणि टेपची सळसळ वरपर्यंत जाते. रेघ मारल्यासारखा संपत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. पहिली फाइल घेऊन स्पेकमध्ये बघायची आणि मगच उरलेला संच, हे शहाणपण तेव्हा आले.

शोधायची ठिकाणे विचारलीत. नॉर्वेचे टूएल हे लेबल चर्चमध्ये मुद्रण करते आणि वेगवेगळ्या फॉरमॅटमधले नमुने फुकट उतरवून घेऊ देते. एकच मुद्रण सगळ्या आकड्यांत मिळते, म्हणजे वरची चाचणी तुम्हाला स्वतःच करता येईल. म्युनिकचे ईसीएम १९६९ पासून आहे, मानफ्रेड आयशरचे; २०१७ पर्यंत त्यांनी स्ट्रीमिंगला हात लावला नव्हता, आता सगळे ऐकून घेता येते. तिथे तुमच्या आणि वडिलांच्या आवडीची गाठ पडेल: झाकिर हुसेन यांचा १९८७चा ‘मेकिंग म्युझिक’, सोबत हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅकलाफलिन आणि यान गार्बारेक. तबला किती लहान आणि किती मोठा वाजू शकतो ते त्यात कळते. दुसरा, कॅलिफोर्नियातल्या वॉटर लिली अकूस्टिक्सचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’, विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर. सांता बार्बराच्या एका कपेलात, माइकच्या एका जोडीवर आणि टेपवर मुद्रित झालेला, १९९३चा, पुढे ग्रॅमी मिळालेला. त्या मुद्रणात मधे कोणी कारागिरी केलेली नाही, म्हणून वादक एकमेकांपासून किती अंतरावर बसले आहेत ते डोळे मिटून सांगता येते. हिंदुस्थानी मैफलींसाठी लंडनच्या नवरसची थेट मुद्रणे शोधा. खोकला, दाद, सगळे आहे, आणि मला ते आवडते.

कोकणी गाण्यांत ख्रिस पेरी आणि लॉर्नाच्या जुन्या तबकड्यांपासून सुरू करा. बँड आणि गायिका एका दमात वाजवत-गात असल्याची धग त्यात आहे. आवाज आजच्या मापाने अरुंद, पण ट्रम्पेट खरा. नंतरच्या, कीबोर्डवर उभ्या केलेल्या कोकणी कॅसेटींपेक्षा त्या तुमच्या स्पीकरवर शंभर पटींनी बऱ्या वाजतील. मांडो, म्हणजे गोव्यातला जुना गाण्याचा प्रकार, घ्यायचा असेल तर घुमट, म्हणजे कातडे ताणलेले मडक्याचे वाद्य, ऐकून घ्या. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले, पण मुद्रणात त्याची अजून आबाळच होते. मडक्याच्या उघड्या तोंडाशी माइक लावला तर नुसता घों-घों, कातड्याशी लावला तर नुसती टकटक. दोन्ही ऐकू येतात असे मुद्रण फार थोडे आहे. तुम्ही चवथीला घरी घुमट आरत्या म्हणत असाल, तर तुमच्या कानात खरा घुमट आहेच. त्याच्याशी ताडून बघा.

हणजूणच्या ट्रान्सबद्दल, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या नाचाच्या संगीताबद्दल, विचारले नाहीत, तरी सांगतो, कारण पाहुणे आले की ‘जरा बास दाखव’ म्हणणारच. ते संगीत मुद्रित होत नाही, घडवले जाते. मूळ आवाज कोणत्याही खोलीत कधी वाजलाच नाही, मग तो खरा वाटतो का हा प्रश्नच गैरलागू. त्याला वेगळा निकष: खर्ज थांबतो तिथे थांबतो का, की खोलीत रेंगाळतो. रेंगाळला तर बहुधा दोष तुमच्या खोलीच्या कोपऱ्यांचा, फाइलचा नव्हे.

पण खरे सांगू? या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे माइकशिवायचे संगीत महिन्यातून एकदा ऐकणे. कानाला मूळ माहीत नसेल तर नक्कल पारखणार कशावरून? जुन्या गोव्यात कापेला द मोंतमध्ये मोंते महोत्सव होतो, तिथे व्हायोलिन भिंतींवरून कसे परत येते ते ऐका. वास्कोच्या सप्ताहात अहोरात्र भजन चालते. पहाटे तीनला गर्दी पांगल्यावर जा, पखवाजापासून दहा फुटांवर उभे राहा. कला अकादमीतल्या केसरबाई समारोहात मात्र ध्वनिवर्धक असतो, त्यामुळे तिथे गायकी ऐकायची, आवाज नव्हे. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिले दोन महिने हेडफोन देत नाही, देवळात पाठवतो. काही पळून जातात.

एलपीबद्दल एवढेच, की नव्या एलपी बऱ्याचदा डिजिटल मास्टरवरूनच कापतात, आणि आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत मुखपृष्ठाला बुरशी धरते. कपाटात कमी वॅटचा बल्ब सतत चालू ठेवणार असाल आणि तबकड्या उभ्या ठेवणार असाल तरच त्या नादी लागा. वापरलेल्या सीडी आज भंगाराच्या भावात मिळतात, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्या बहुतेक वेळा नंतरच्या ‘सुधारित’ आवृत्त्यांपेक्षा मोकळ्या श्वासाच्या असतात. माझ्या मते पैशाला सध्या सर्वांत चांगला मोबदला तिथे आहे.

वडिलांच्या कॅसेटींचा पेटारा टाकून देणार आहात असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. तेवढे करू नका. त्यात रेडिओवरून किंवा नाटकाच्या रात्री कोणीतरी मुद्रित केलेले असेल, जे कुठल्याच सूचीत मिळणार नाही. डिजिटल करून घ्यायला देताना त्या माणसाला एकच विचारा: प्रत्येक कॅसेटीला टेपहेडचा अॅझिमथ जुळवता का? मूळ यंत्राचे हेड किंचित तिरके असेल तर टीप निम्मी गायब होते, आणि ते हेडचा बारीक स्क्रू कानाने फिरवून, सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबवावे लागते. पाच मिनिटांचे काम आहे. हा शब्द ऐकून तो तुमच्या तोंडाकडे बघत राहिला, तर पेटारा उचलून घरी आणा.